ऊन पाठीशी, वारा पाठीशी : सोलापूर जिल्ह्यातली पाणपाखरं

पाणपाखरांचे उडतानाचे फोटो काढायचे असतील तर फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सोलापूर जिल्हा गाठावा, असं माझं ठाम मत आहे. उजनी धरणाचं पाणी हळूहळू उतरत असतं, काठाला चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि त्या चिखलात चोची खुपसायला शेकाटे, पाणटिवळे, तुतवार, चमच्यासारख्या चोचीचे चमचे, रोहित म्हणजे फ्लेमिंगो, सगळे गोळा होतात. उत्तरेकडून आलेले पाहुणे अजून परत निघालेले नसतात. पहाटे स्वेटर लागतो, पण बोटं बधिर होत नाहीत. यंदा जोडून सुट्टी आली, सोलापूरच्या मावशीला फोन केला आणि गाडीत बसले.

शुक्रवार : कंबर तलाव

मावशीचं घर विजापूर रोडला. पोचले तेव्हा चार वाजले होते. चहाचा कप खाली ठेवला आणि कॅमेऱ्याची बॅग उचलली, तशी मावशी म्हणाली, "अगं, आत्ता आलीस की! कुठं चाललीस एवढ्या उन्हात?"

धर्मवीर संभाजी तलाव तिच्या घरापासून जवळ. नाव बदललं तरी बोलताना सगळे कंबर तलावच म्हणतात. भर शहरात असूनही इथे पक्ष्यांची वर्दळ असते. पाणकावळे, ढोकरी, गायबगळे, शराटी आणि उथळ कडेला शेकाटे. संध्याकाळी तिथे जायचं कारण दुसरंही होतं, मला वारा बघायचा होता.

उडत्या पक्ष्याच्या फोटोत अर्धं काम वाऱ्याचं असतं. पक्षी उठतो वाऱ्याला तोंड करून आणि उतरतोही वाऱ्याला तोंड करून, कारण समोरून वारा मिळाला की पंखांना उचल मिळते. म्हणून वारा आपल्या पाठीवर असला की पक्षी आपल्या दिशेने येतो, त्याचे डोळे, छाती, पंखांची आतली बाजू दिसते. हिवाळ्यात आणि हिवाळा सरताना दख्खनवर बरेचदा पूर्वेचा वारा असतो. सकाळी सूर्यही पूर्वेला, म्हणजे पूर्व काठावर उभं राहिलं की ऊन पाठीशी आणि वाराही पाठीशी. संध्याकाळी नेमकं उलटं होतं. उजेडासाठी पश्चिम काठावर उभं राहावं तर वारा आपल्या तोंडावर येतो आणि फोटोत पक्ष्यांच्या शेपट्या येतात.

त्या संध्याकाळी तसंच झालं. वारा पूर्वेचाच होता. तेव्हा समोरून येणाऱ्या पक्ष्यांचा नाद सोडला आणि मुक्कामाच्या झाडांकडे जाणारे बगळे आडवे टिपायचं ठरवलं. ती झाडं कुठली, हे फिरायला आलेल्या एका आजोबांनी दाखवलं. आयुष्य गिरणीत गेलेलं, घरची भाषा तेलुगू, मराठी अस्सल सोलापुरी. "गिरणी बंद पडली, मग मी हितं येऊन बसायलो," म्हणाले. "ते बघा, आता त्या कडुलिंबावरनं येतील. रोज तिथनंच येतात." आणि खरोखर तिथूनच आले, पाच-पाच, सात-सातच्या रांगा करून. मी लेन्स कडुलिंबाच्या शेंड्यावर लावून नुसती थांबले होते. नवख्या जागी गेल्यावर आधी रोज तिथे येणारा माणूस शोधावा.

आकाश मागे असलं की बगळ्याची मान बघून घ्यावी. बगळा उडताना मान इंग्रजी एससारखी दुमडून घेतो, तर करकोचे, शराटी, चमचे आणि रोहित मान पुढे सरळ ताणून उडतात. अंधारून आल्यावर काळ्या आकृत्याच उरतात, तेव्हा ओळख एवढ्यावरच पटते.

रात्री मावशीने कडक भाकरी मोडून त्यावर शेंगाचटणी आणि वरून दही घातलं. सोबत झणझणीत आमटी. सोलापूरची शेंगाचटणी उखळात कुटलेली असते, तेल सुटून ओलसर झालेली. मिक्सरमधल्या भुकटीला ती चव येत नाही. पहाटेसाठी शेंगापोळ्या बांधून दिल्या. पक्षी बघणाऱ्यांसाठी यापेक्षा चांगली शिदोरी मला माहीत नाही. न सांडणारी, न विटणारी, एका हाताने खाता येणारी.

शनिवार : हिप्परगा

मावसभाऊ पहाटे पाचला उठून गाडी काढतो म्हणाला आणि खरंच उठला. हिप्परग्याचा तलाव शहराच्या उत्तरेला, तुळजापूर रस्त्यावर. कागदोपत्री नाव एकरुख. आदिला नदी अडवून इंग्रजांच्या काळात, १८७१ साली तो पूर्ण झाला. उथळ काठ लांबवर पसरलेले असल्यामुळे लांब पायांच्या पक्ष्यांना तो भारी सोयीचा.

उजाडायच्या आधी पूर्वेच्या अंगाला जाऊन बसलो. बसलो म्हणजे मी आडवीच झाले. चटई अंथरून, कोपरं जमिनीला टेकवून, लेन्सखाली तांदळाची छोटी पिशवी ठेवून. पाण्याच्या पातळीवरून फोटो काढला की मागचा काठ लांब जातो, धूसर होतो आणि पक्षी उठून दिसतो. उभं राहून काढलेल्या फोटोत पक्ष्यामागे नुसतं पाणी येतं.

सातच्या आत पहिलं ऊन पाण्यावर पडलं आणि शेकाट्यांचा एक थवा समोर चरताना दिसला. काळे पंख, पांढरं पोट, सुईसारखी चोच आणि शरीराच्या मानाने विलक्षण लांब गुलाबी पाय. उडायच्या आधी शेकाट्या सांगून उडतो. मान वरखाली झटकायला लागतो, मग किक-किक-किक असं ओरडतो. दोन्ही गोष्टी एकदम झाल्या की बोट बटणावर पाहिजे.

उठतानाचा क्षण मी त्या सकाळी मन भरेपर्यंत पाहिला. पंख वर जातात तेव्हा पाय अजून पाण्यातच असतात. पहिल्या फडक्याला पाय सुटतात आणि चिखलाचं पाणी धारेने खाली ओघळतं. क्षणभर दोन्ही पाय लोंबकळत राहतात, मग एक मागे जातो, मग दुसरा, आणि शेपटीच्या मागे दोन गुलाबी काड्या सरळ रेषेत जुळतात. आपण पक्ष्याचं अंग चौकटीच्या मधोमध धरतो आणि पाय कापले जातात. म्हणून शेकाट्याला चौकटीत मागेही जागा द्यायची. पुढे जागा सोडावी हा नियम सगळे शिकवतात. पण या पक्ष्याची मागची बाजूही तेवढीच लांब आहे.

सेटिंग विचारणाऱ्यांसाठी सांगते. शटर १/२५०० सेकंदाच्या आसपास, अॅपर्चर एफ/६.३ ते ८, आयएसओ ऑटो, फोकस सतत मागोवा घेणारा. काळा-पांढरा पक्षी कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतो. मागे गडद पाणी असेल तर पांढरं पोट जळतं, तेव्हा एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली. मागे उजळ आकाश असेल तर उलट वर. ऊन स्थिर असेल तर मी सरळ मॅन्युअलवर जाते. पांढऱ्या पोटावर उजेड मोजून घेते आणि मग मागे काहीही येवो, हात लावत नाही. फोकस पाण्यावर जाऊन अडकतो ही सगळ्यांची तक्रार असते. त्यावर एकच इलाज, पक्षी लांब असतानाच त्याला चौकटीत घेऊन त्याच्याबरोबर वळत राहायचं आणि जवळ आल्यावरच बटण दाबायचं.

मावसभाऊ कॅमेऱ्याला हात न लावता दुर्बिणीतून बघत होता. मध्येच म्हणाला, "ताई, हा बारका गळ्यात पट्टा घातलेला कोण?" तो कंठेरी चिखल्या. चार पावलं धावायचा, थबकायचा, पुन्हा धावायचा. त्याचा उडता फोटो मला कधीच मनासारखा मिळालेला नाही. तो जमिनीलगत, तिरका आणि भलता वेगात जातो. पण भावाने त्याच्या थबकण्याची लय ओळखली आणि "आत्ता उठणार" म्हणून सांगायला लागला. तीनदा सांगितलं, दोनदा बरोबर निघालं. शेजारी असा माणूस असेल तर कॅमेऱ्याच्या जलद फोकसपेक्षा तो जास्त उपयोगी.

साडेनऊनंतर ऊन तापलं, चिखलावरून हवा थरथरायला लागली आणि लांबचे फोटो लिबलिबीत येऊ लागले. ही थरथर कुठल्याही महाग लेन्सने जात नाही. कॅमेरा बंद करून नाश्त्याला गेलेलं बरं.

दुपारी मोहोळ, टेंभुर्णी करत जेऊरला निघालो. रस्त्याला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग. मध्ये ज्वारीची काढणी चालू होती. बायका ओळीने ज्वारी उपटत चालल्या होत्या, मागे पेंढ्या पडत होत्या. एका बांधावर थांबून पाणी मागितलं तर तिथल्या आजींनी गुळाचा खडा हातावर ठेवला आणि मगच तांब्या दिला. पुढे करमाळा तालुक्यात शिरल्यावर केळीच केळी. कंदरची केळी परदेशात जातात. हे सगळं उजनीचं पाणी. त्याच पाण्याने जुनी गावं खाली घेतली, हे दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

राहायला जेऊरला साधी लॉज मिळाली. शनिवार-रविवार धरून जाणार असाल तर आधी फोन करून ठेवा.

रविवार : केत्तूर

उजनी धरण भीमेवर, १९८० साली पूर्ण झालेलं. जलाशयाचं नाव यशवंतसागर. फोटो काढणारे बहुतेक लोक पुण्याच्या बाजूने भिगवणला जातात. पाणी तेच, पण करमाळ्याच्या काठावर गर्दी कमी.

होडीवाले मामा साडेसहाला केत्तूर गावाच्या काठावर वाट बघत होते. साठीच्या पुढचे, कानाला मफलर. बसायच्या आधी मी लाइफ जॅकेट मागितलं. त्यांनी न सांगताच पुढे केलेलं होतं. मे २०२४ मध्ये कुगाव आणि कळाशी यांच्या मधल्या पाण्यात वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा माणसं बुडाली. तेव्हापासून इथे जॅकेट मागणाऱ्याला कुणी हसत नाही. हे पाणी वरून शांत दिसतं, पण वारा सुटला की समुद्रासारखं उसळतं. जॅकेट नसेल त्या होडीत बसू नका, फोटो गेले तरी चालतील. पैसेही आधी ठरवून घ्या.

लांबवर रोहितांची गुलाबी रेघ दिसली, तसं मामांनी इंजिन बंद केलं. मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी आधी. मग बांबू हातात घेतला आणि होडी रोहितांकडे न नेता त्यांना मोठा वळसा घालून पूर्वेला नेली. म्हणाले, "ताई, आपण त्यांच्याकडं नाही जायचं. वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबायचं. चरून झालं की ती उठत्यात, आन् उठली की आपल्याकडंच येत्यात." मी वाचून, चुकत-माकत जे शिकले होते ते या माणसाला रोजच्या कामातून माहीत होतं. त्यांनी बांबू चिखलात रोवला, होडी बांधली आणि बिडी काढली. मग बिडी तशीच खिशात ठेवली. "वास जातो तिकडं," म्हणाले.

रोहित पाण्यात चरतो तेव्हा मान खाली घालून चोच उलटी धरतो आणि चिखलपाणी गाळतो. उभा असताना तो पांढुरका, फिकट गुलाबीच दिसतो. त्याचा खरा रंग पंखात मिटलेला असतो. थव्याच्या कडेला असलेल्या काहींनी माना ताणल्या, वाऱ्याकडे तोंड केलं आणि चालायला लागले. चालण्याचं धावणं झालं, पाण्यावर पावलांचे शिंतोडे उडायला लागले आणि पंख उघडले. वरच्या बाजूला गर्द लालसर गुलाबी, मागची पिसं काळी कुळकुळीत. इतका वेळ समोर उभ्या असलेल्या त्याच पक्ष्यांचा हा रंग आहे, हे क्षणभर पटत नाही. एवढा जड पक्षी धावल्याशिवाय उठूच शकत नाही, म्हणून फोटोवाल्याला तयारीला पुरेसा वेळ मिळतो. पहिलं पाऊल टाकलं की चौकट थोडी रुंद करायची, कारण पंख उघडल्यावर मान आणि पाय धरून पक्षी एकदम केवढातरी लांब होतो.

ते आमच्या डाव्या अंगाने, इतक्या जवळून गेले की पंखांचा आवाज ऐकू आला. मामा कॅमेऱ्याकडे बघत नव्हते, पक्ष्यांकडेच बघत होते. इतकी वर्षं रोज बघूनही.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने एक होडी इंजिन चालू ठेवून सरळ पाणटिवळ्यांच्या थव्यात घुसली. वरचे लोक ओरडत, टाळ्या वाजवत होते. पाखरं उडावीत म्हणून. उडाली. सगळीच्या सगळी, त्यांच्यापासून लांब जात. त्यांना जे फोटो मिळाले असतील त्यात शेपट्यांशिवाय काही नसणार. मला राग आला तो फोटोंसाठी नव्हे. काळ्या शेपटीचा पाणटिवळा इथून हजारो किलोमीटर उत्तरेला जाऊन घरटं करतो. फेब्रुवारीअखेर तो त्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवत असतो. चरण्याचा वेळ मोडायचा आणि वर विनाकारण उडायला लावायचं, म्हणजे त्याने साठवलेलंच आपण खर्चायला लावतो. ओहोटी-भरतीच्या खाडीसारखं इथे रोज नवं चिखल उघडं पडत नाही. चांगला पट्टा एखादाच असतो. तो थवा त्या पट्ट्यावर परत यायला तासाच्या वर लागला. मामांनी त्या होडीवाल्याला हाक मारून चार शब्द सुनावले. तो त्यांच्याच भावकीतला निघाला, निमूट लांब गेला.

पाखरांना उडवायची गरजच नसते. दहा वाजायच्या आत दलदली भोवत्या आला. हा पाणवठ्यावर खालून गिरट्या घालणारा शिकारी पक्षी. तो काठाच्या गवतावरून तरंगत आला, आणि नुकतेच परत बसलेले पाणटिवळे, तुतवार, रफ नावाचे चिखलपक्षी, सगळे एका झटक्यात हवेत. हे उडणं वेगळं असतं. थवा घट्ट होतो, एकदम वळतो, आणि वळला की सगळ्यांच्या पंखांवरचे पांढरे पट्टे एकाच वेळी उजळतात, पुन्हा वळला की सगळे राखाडी. बसलेला पाणटिवळा हिवाळ्यात अगदी साधा, मातकट पक्षी. पांढरा पट्टा, पांढरं बूड आणि शेपटीची काळी पट्टी हे सगळं उडतानाच दिसतं. थव्याचा फोटो काढताना मी शटर १/३२०० वर आणि अॅपर्चर एफ/९ पर्यंत नेते, म्हणजे पुढचे-मागचे जास्त पक्षी स्पष्ट येतात. भोवत्या निघून गेला आणि थवा पुन्हा त्याच जागी उतरला. पंख वर धरून, पाय पुढे काढून, वाऱ्याला म्हणजेच आम्हाला तोंड करून.

परतताना मामांनी बांबूने पाण्यात एके ठिकाणी दाखवलं. "हितं खाली जुनं केत्तूर. पाणी लई उतरलं की भिंती दिसत्यात." धरण झालं तेव्हा ते पोरवयात होते. गाव वर आलं, शेती गेली, घरात मासेमारी आली.

जेवायला त्यांच्याच घरी थांबवून घेतलं. चिलापीचं कालवण, ज्वारीची भाकरी, कच्चा कांदा. चिलापी मूळची आफ्रिकेतली, पण आता उजनीची म्हणूनच विकली जाते. काकूंनी लाल रस्सा वाढताना बजावलं, "काटं बघून खा बरं का." मामांची तक्रार अशी की चिलापी वाढली तशी जुनी मासळी कमी झाली. भाकरी मऊ होती, तव्यावरून थेट ताटात, आणि मला वाढणारे हात थांबेनात.

सोमवार : वारा पडला

शेवटच्या सकाळी वाराच नव्हता. पाणी आरशासारखं. अशा वेळी पक्षी कुठल्याही दिशेला उठतो आणि जागा धरून बसण्याचा हिशेब चुकतो. पण बिनवाऱ्याच्या पाण्यात प्रतिबिंब मिळतं. काठावर आडवी होऊन मी पाण्यालगत जाणाऱ्या चमच्यांची वाट बघितली आणि चौकटीत पक्ष्याच्या खाली त्याच्याएवढीच जागा सोडली.

ऊन वर यायच्या आधी उजेड कमी असतो, तेव्हा दुसरा एक प्रकार करून बघावा. शटर १/६० वर आणायचं, पक्ष्याच्या वेगाने कंबरेतून वळत राहायचं आणि वळता वळता फोटो घ्यायचे. डोकं स्पष्ट, पंख पुसट आणि मागचं सगळं लांब रेघांत ओढलेलं येतं. बहुतेक फोटो टाकून द्यावे लागतात. त्या सकाळी एका राखी बगळ्याचा मनासारखा आला. डोळा लख्ख, पंखांचा नुसता राखाडी झोत. स्थिर, पीसनपीस दाखवणाऱ्या फोटोंपेक्षा उडण्याची जाण मला त्यात जास्त दिसते.

निघताना मामांना आदल्या दिवशीचा रोहितांचा फोटो मोबाइलवर पाठवला. त्यांनी बोटांनी मोठा करून आधी पाय बघितले, मग म्हणाले, "ही बारकी राखाडी मधी दिसतीया, ती यंदाची पिल्लं." मी ती पाहिलीच नव्हती. रोहित कच्छच्या रणात घरटी करतात आणि पिल्लं मोठी होईपर्यंत अशी राखट-तपकिरी असतात. फोटोत ती तीन होती, थव्याच्या बरोबर मध्ये.

एप्रिल-मेमध्ये पाणी आणखी उतरलं की उघड्या पडलेल्या बेटांवर नदीसुरय आणि लहान पाणभिंगऱ्या हे पक्षी उघड्यावरच अंडी घालतात. त्या दिवसांत बेटांवर पाऊल ठेवायचं नाही, होडीतूनच बघायचं, हे मामांनीच घातलेलं बंधन. जुन्या केत्तूरच्या भिंती पाण्याबाहेर आल्या की फोन करतो म्हणालेत. शाळेच्या परीक्षा तोवर उरकलेल्या असतील, आणि मावसभावाने गाडीची टाकी आत्तापासूनच भरून ठेवतो म्हणून सांगितलंय.